ड्रायफ्रूट कपाने मोजायचे की ग्रॅमने? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गणपती उरकले की ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि आमच्या सोसायटीत काजू, खारीक, डिंक यांच्या भावाची चर्चा सुरू होते. मग दरवर्षी तेच प्रश्न: रेसिपीत कप दिलाय, दुकानदार विचारतो किती ग्रॅम देऊ, घरात ना मेजरिंग कप ना काटा, काय करू. मी घरून फराळाच्या आणि नाताळात केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे हे सगळे माझ्याकडेच येऊन थडकतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते. खाली जिथे नुसतं ‘कप’ म्हटलंय तिथे २४० मिलीचा कप समजायचा, वरून सपाट आणि न दाबता भरलेला.

१ कप बेदाणे म्हणजे किती ग्रॅम?

१४५ ते १५०. दाबून भरले तर १६५ पर्यंत जातात. खरेदीला जाताना १५० धरा, हिशोब सोपा जातो.

उलटं करायचं असेल तर पाव किलोचं पाकीट म्हणजे पावणेदोन कप, आणि १०० ग्रॅम म्हणजे पाऊण कपाला जरा कमी.

मग प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो? कोणी १४० म्हणतं कोणी १७०, खरं कुणाचं?

बहुतेक वेळा सगळ्यांचंच खरं असतं. कपात बेदाणे असतात आणि बेदाण्यांच्या मधे हवा असते, आणि कुणी किती हवा मोजली त्यावर आकडा बदलतो. करून बघा ना, कप भरा, ओट्यावर दोनदा टप टप आपटा, बेदाणे बोटभर खाली बसतात आणि वर अजून मूठभर मावतात. कप तोच, बेदाणे तेच, पण आता वजन जास्त.

दुसरं म्हणजे ओलावा. बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी असतं, खजुरात २० च्या आसपास, आणि ते जे मऊ केशरी जर्दाळू मिळतात त्यात आणि प्रून्समध्ये, म्हणजे सुक्या आलुबुखारात, तर ३० टक्के. बदाम काजू मात्र कोरडे, चार पाच टक्केच. त्यामुळे बदाम-काजूचे आकडे सगळीकडे साधारण जुळतात आणि सगळी भांडणं बेदाणे, जर्दाळू, खजूर यांच्यावरून होतात. फळ जेवढं मऊ आणि चिकट तेवढं ते कपात दबून बसतं, आणि त्यात त्याचं स्वतःचं पाणीही जास्त.

तिसरं कारण खुद्द कप, ते पुढच्या प्रश्नात.

कप म्हणजे कुठला कप? चहाचा चालेल का?

चहाचा नको. आपल्याकडचे चहाचे कप टपरीवरच्या कटिंगपासून ऑफिसच्या मगापर्यंत कुठल्याही मापाचे असतात.

रेसिपी अमेरिकन असेल तर कप २३७ मिलीचा, व्यवहारात २४० धरतात. ऑस्ट्रेलियन असेल तर २५०. जपानी रेसिपीत २०० चा, आणि राईस कुकरबरोबर जो प्लास्टिकचा कप येतो ना तो १८० चा, तो अनेक घरी मेजरिंग कप म्हणून बिनधास्त वापरला जातो, त्याला आधी ओट्यावरून उचला. आपल्याकडे बाजारात जे कपांचे सेट मिळतात ते २४० किंवा २५० चे असतात, बुडाशी किंवा दांड्यावर लिहिलेलं असतं. २४० आणि २५० मधला फरक चार टक्क्यांचा, बेदाण्यात सहा ग्रॅम, त्याने कुठलाही केक बिघडत नाही, त्यावर डोकं खर्च करू नका.

आमच्या घरी सगळं वाटीने चालतं. वाटीचे ग्रॅम कसे काढायचे?

हाच खरा प्रश्न आहे आणि बाकीचे सगळे याच्यातून सुटतात, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

वाटी म्हणजे काही ठरलेलं माप नाही. आमटीची वाटी बहुतेक घरात १५० ते २०० मिलीची असते, पण ताटातली छोटी चटणीची वाटी, खिरीची मोठी वाटी, आणि लग्नात आलेल्या सहाच्या सेटमधली पसरट वाटी, सगळ्यांना आपण वाटीच म्हणतो. तेव्हा आधी एक वाटी ठरवा, शक्यतो उभ्या काठाची, आणि ती मापाची म्हणून वेगळी काढा. काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिली, कारण १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम. काटा नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं ५ किंवा १० मिलीचं झाकण घेऊन मोजत बसा, कंटाळवाणं आहे पण आयुष्यात एकदाच करायचंय. आकडा वाटीच्या बुडाला मार्करने लिहून टाका.

आता गंमत अशी की अख्खा सुकामेवा बहुतेक सगळा पाण्याच्या सहा दशांश भरतो. म्हणजे वाटीत १८० ग्रॅम पाणी मावत असेल तर त्याच वाटीत बेदाणे साधारण १८० गुणिले ०.६, म्हणजे १०८ ग्रॅम. बदामही तेवढेच. चिरलेला खजूरही तेवढाच. काजू थोडे कमी, पिस्ते निम्म्यापेक्षा किंचित जास्त. हा ०.६ एवढा एक आकडा लक्षात ठेवलात तर जगातला कुठलाही कप, वाटी, ग्लास, दह्याचा रिकामा डबा, काहीही मापाला चालतं.

या हिशोबाने २०० मिलीच्या वाटीत १२० ग्रॅम, १५० च्या वाटीत ९० ग्रॅम. म्हणजे एकीची ‘एक वाटी काजू’ आणि शेजारणीची ‘एक वाटी काजू’ यात सहज पंचवीस तीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि आजचा काजूचा भाव बघता हा फरक खिशालाही कळतो.

सगळ्यांचे आकडे एकदाच द्या ना.

घ्या, कपाला, ग्रॅममध्ये.

मऊ जातीतले: बेदाणे १४५ ते १५०, केकमध्ये घालतात ते बारीक काळे करंट्स १४४, चिरलेला खजूर १४७, सुके अंजीर १४९, बिया काढलेले प्रून्स १७४, केशरी जर्दाळूचे अर्धे तुकडे १३०. क्रॅनबेरीचं मात्र काही खरं नाही, ११५ पासून १६० पर्यंत जाते, कारण काही पाकिटांत ती हलकी कोरडी असते आणि काहींत साखर तेल लावून चिकट केलेली.

टणक जातीतले: अख्खे बदाम १४३, काजू १३७, सोललेले पिस्ते १२३, अक्रोडाच्या पाकळ्या १००. डेसिकेटेड कोकोनट ८५ च्या आसपास. घरी किसलेलं सुकं खोबरं त्याच घरातलं, पण कीस लांब आणि भुसभुशीत असेल तर कमी भरतं, मुठीने दाबलं तर झपकन वाढतं, त्यामुळे खोबरं नेहमी न दाबता मोजायचं किंवा सरळ वजन करायचं.

खसखस चमच्याने घालतात, १ टेबलस्पून म्हणजे साधारण ९ ग्रॅम.

अख्खे बदाम, काप, पूड, सगळ्याला कप तोच, मग वजन वेगळं का?

बदामाचं बघा. अख्खे १४३ ग्रॅम. उभ्या काड्या केल्यात तर त्याच कपात १०८. पातळ काप केलेत तर ९२. पूड केलीत तर ९५. म्हणजे काप एक कप घातले की प्रत्यक्षात अख्ख्या बदामांच्या दोन तृतीयांशच बदाम पोटात जातात. पातळ काप एकमेकांवर आडवेतिडवे पडतात, नीट बसतच नाहीत, आणि पूड फुगून राहते.

अक्रोडाचं उलटं आहे. पाकळ्या १०० ग्रॅम, पण जाडसर चिरून भरल्यात तर ११७, कारण पाकळी वाकडीतिकडी असते आणि तिच्या खोबणीत हवा असते, तुकडे केले की ती जागा भरते. आणि पूड केली की परत घसरून ८०. म्हणजे चिरलं की वाढतं का कमी होतं याला एकच नियम नाही, मूळ आकार किती अडचणीचा आहे त्यावर अवलंबून. वर दिलेला ०.६ चा फॉर्म्युला त्यामुळे फक्त अख्ख्या किंवा जाडसर तुकड्यांना लावायचा, आणि तोही अक्रोड सोडून. काप, पूड आणि अक्रोडाच्या पाकळ्यांना ०.४ धरा, अक्रोड जाडसर चिरलेला असेल तर ०.५.

बदामाच्या पुडीत अजून एक भानगड आहे. मिक्सरमधून नुकती काढलेली पूड फुगलेली असते, तीच डब्यात दोन दिवस राहिली की बसते. बदाम बर्फी किंवा मॅकरून्स असं काही करणार असाल तर पूड कपाने मोजूच नका, तिथे साखर आणि पुडीचं प्रमाण जुळलं नाही तर बर्फी एकतर पडत नाही नाहीतर दगड होते.

चिरून मोजायचं की मोजून चिरायचं?

रेसिपी कशी लिहिली आहे ते नीट वाचा. ‘एक कप अक्रोड, चिरून’ असं असेल तर आधी पाकळ्यांनी कप भरायचा आणि मग चिरायचं, म्हणजे १०० ग्रॅम. ‘एक कप चिरलेले अक्रोड’ असेल तर चिरून मग कप भरायचा, ११७ ग्रॅम. इंग्रजी रेसिप्यांमध्ये हा फरक पाळलेला असतो. आपल्याकडे यूट्यूबवरच्या ताई काय बोलतात त्यापेक्षा हात काय करतायत ते बघा, त्या कपात काय ओततायत ते दिसतंच.

वजनाने दिलं असेल तर हा प्रश्नच उरत नाही, १०० ग्रॅम अक्रोड चिरा नाहीतर कुटा, १०० ग्रॅमच.

भिजवलेले बदाम किंवा बेदाणे असतील तर?

वजन भिजवण्याआधीचं घ्या. भिजल्यावर किती पाणी प्यायलं हे पाणी गरम होतं की गार, रात्रभर ठेवलं की अर्धा तास, यावर जातं, आणि बदामाचं तर साल काढल्यावर परत थोडं वजन कमी होतं. रेसिपीत ‘एक कप भिजवलेले बदाम’ असं मोघम लिहिलं असेल तर एक कपापेक्षा जरा कमी कोरडे बदाम भिजत घाला, फुगून कप भरतो.

केकसाठी रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात फळं भिजवता ना, तिथेही तेच. १ किलो मिक्स फ्रूट म्हणजे कोरडं १ किलो. बरणीतून काढलेलं भिजलेलं १ किलो घेतलंत तर फळ कमी आणि रस जास्त जातो आणि केकचा मधला भाग ओलसर राहतो. तीन केकचं एकाच बरणीत भिजवलं असेल तर काढताना बरणीतल्या सगळ्या ऐवजाचं वजन करून त्याचे तीन भाग करा, मग कोरडं किती होतं ते आठवायची गरज नाही.

टरफल आणि बिया धरून मोजायचं का?

रेसिपीतलं माप बहुतेक वेळा आतल्या गराचंच असतं. खारवलेले पिस्ते टरफलासकट घेतलेत तर साधारण निम्मं वजन टरफलाचं जातं, म्हणजे १०० ग्रॅम गर हवा असेल तर २०० ग्रॅम आणा. अख्खे अक्रोड फोडूनही निम्मा माल हाती लागतो, खवट निघाले तर त्याहून कमी.

जर्दाळूचं जरा बघून घ्या. परदेशी रेसिपीत जे असतात ते मोठे, मऊ, केशरी, बी काढलेले तुर्की जर्दाळू. आपल्या दुकानात नुसतं जर्दाळू मागितलं तर बऱ्याचदा छोटे, तपकिरी, आत बी असलेले हातात पडतात, चवीला हेच मला जास्त आवडतात आणि आतली बी फोडून खाता येते ती वेगळीच मजा, पण मापाला हे आणि ते एक नाहीत. बीवाले आणलेत तर भिजवून बी काढा आणि मग मोजा, आणि इथे वरचा ‘भिजवण्याआधी मोजा’ हा सल्ला साहजिकच बाजूला ठेवा.

खारकेचं पण तसंच. अर्धा किलो खारीक आणली म्हणजे अर्धा किलो पूड होणार नाही, बी जाणार आणि मिक्सरच्या भांड्यालाही थोडी चिकटून बसणार. हाताशी जास्तीची मूठभर असू द्या.

काजू नगावर मोजता येतात का? रेसिपीत ‘२० काजू’ लिहिलंय.

येतात, आणि फार छान येतात, कारण काजूचा ग्रेडच मुळी नगावर असतो. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पाउंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० काजू. डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०, आणि ते मोठे दिवाळीच्या गिफ्ट बॉक्समधले डब्ल्यू १८० म्हणजे १७० ते १८०. आकडा जितका लहान तितका काजू मोठा. यावरून ३२० चा एक काजू साधारण दीड ग्रॅमचा, २४० चा दोन ग्रॅमच्या जवळ, आणि १८० चा अडीच. म्हणजे तुमचे २० काजू ३० ग्रॅमही असू शकतात आणि ५० ही. भाजीच्या ग्रेव्हीला फरक पडत नाही, पण काजूकतलीला सरळ वजन घ्या.

आणि काजूकतलीसाठी अख्खे काजू आणायची गरज नाही हे सांगून सांगून मी थकले. पाकळी नाहीतर तुकडा घ्या, मिक्सरमध्ये कुणाला कळणार आहे, आणि वजनाला ग्रॅमचे ग्रॅमच असतात. पैसे मात्र बरेच वाचतात. फक्त तुकडा ताजा आहे ना तो एक दाणा तोंडात टाकून बघा.

बदाम एक साधारण १.२ ग्रॅमचा, म्हणजे पाव किलोत दोनशेच्या आसपास.

खजुराच्या नगावर मात्र भरवसा ठेवू नका. नेहमीचा छोटा खजूर बी काढून सात आठ ग्रॅमचा, आणि मेडजूल नावाचा मोठा खजूर एकटाच २४ ग्रॅमचा. ‘१० खजूर घ्या’ म्हणणाऱ्या शुगर फ्री लाडवाच्या रेसिपीत एकाचे ७५ ग्रॅम होतात आणि दुसऱ्याचे २४०, मग एकाचे लाडू वळत नाहीत आणि दुसऱ्याचे हाताला चिकटून सुटत नाहीत, आणि दोघं रेसिपीला शिव्या देतात. अंजिराचंही तसंच, छोटं आठ ग्रॅमचं असतं आणि दोऱ्यात ओवलेलं मोठं त्याच्या दुप्पटही भरतं.

इंग्रजी रेसिपीत ८ औंस मनुका म्हणजे एक कप ना?

नाही. इथे भलेभले अडकतात. औंस दोन असतात, एक वजनाचा आणि एक द्रवाचा. द्रवाचे ८ औंस म्हणजे एक कप, हे पाण्याला दुधाला ठीक. मनुकांचे ८ औंस म्हणजे वजन, २२७ ग्रॅम, म्हणजे दीड कप. एक कप घातलात तर फ्रूटकेकमध्ये एक तृतीयांश फळ गायब.

वजनाचा १ औंस २८.३५ ग्रॅम, १६ औंस म्हणजे १ पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम. १ पाउंड बेदाणे म्हणजे तीन कप. जुन्या ब्रिटिश केकच्या रेसिप्या सगळ्या औंसात असतात आणि त्या एका अर्थी बऱ्या, निदान वजन तरी असतं.

आईच्या वहीत ‘पावशेर बेदाणे, छटाकभर चारोळी’ लिहिलंय. त्याचं काय करू?

वही जपून ठेवा हे पहिलं. ८० तोळ्यांचा शेर धरला तर तो ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर २३३ ग्रॅम आणि छटाक ५८ ग्रॅम. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ सालचा, पण स्वयंपाकघरात शेर पुढे कितीतरी वर्षं राहिला, आणि नंतर लोक पाव किलोलाही पावशेर म्हणायला लागले, अजून म्हणतात. त्यामुळे वही कुठल्या काळातली आहे ते बघा, तरी २३३ काय आणि २५० काय, लाडवाला चालतं.

एक लक्षात ठेवा, शेर हे भरून मोजायचं मापही होतं, चिपटं मापटं त्याच कुटुंबातलं, आणि ते गावागावाला बदलायचं. रेसिपीत सगळंच्या सगळं शेरात असेल तर ग्रॅम काढायच्या फंदात न पडता एक भांडं घ्या आणि सगळं त्याच भांड्याने मोजा, प्रमाण आपोआप जुळतं. फक्त नग आणि चमचे आले की जरा डोळ्याने बघून घालायचं.

डिंकाचे लाडू वाटीने येतात, पण ऑर्डरसाठी तिप्पट करायचेत. वाट्या तिप्पट घेऊ का?

घ्या, पण एकदा वजन करून घ्या आणि मग कायमचं ग्रॅमवर जा. वाटी भरताना दरवेळी थोडी वर शीग राहते नाहीतर थोडी दबते, दोन वाट्यांना ते चालतं, पण सहा वाट्या खारीक पूड आणि सहा वाट्या खोबरं झालं की ती थोडी थोडी शीग मिळून एक अख्खी वाटी होते. मग तूप कमी पडतं आणि लाडू फुटतात आणि आपण डिंकाला दोष देतो.

२०० मिलीच्या वाटीने धरू. सुकं खोबरं किसून २ वाट्या, म्हणजे ४०० मिली, साधारण १४० ग्रॅम. काजू बदामाचे जाडसर तुकडे अर्धी वाटी, ५५ ते ६० ग्रॅम. तूप पाऊण वाटी, पातळ केलेलं, १५० मिली म्हणजे १३५ ग्रॅम, कारण तूप पाण्यापेक्षा हलकं असतं. खारीक पूड तुमची तुम्हीच काट्यावर ठेवा, घरी कुटलेली रवाळ असते आणि विकतची मैद्यासारखी, दोन्हीचं वजन एक येत नाही. डिंक कच्चाच मोजायचा, तळून नाही, तळला की तो लाहीसारखा फुलतो आणि मग वाटीत किती मावेल ते तेव्हाच्या तुपाच्या तापावर. गूळही चिरून मोजण्यापेक्षा वजनावर घ्या, खडा मोठा राहिला तर वाटी अर्धी हवेने भरते.

एकदा एवढं केलंत की तिप्पट काय तीसपट करा.

बेदाण्याऐवजी क्रॅनबेरी घालायची तर वजन सारखं ठेवू की कप?

केक, पुलाव, शिरा, म्हणजे जिथे ते मधे मधे लागतं, तिथे कप सारखा ठेवा, कारण घासागणिक किती दिसलं याला महत्त्व. लाडू, बर्फी, खजूर रोल, जिथे ड्रायफ्रूट हाच मुख्य माल आहे तिथे वजन सारखं ठेवा.

टेबलस्पूनचं काय?

१५ मिली, बेदाणे साधारण ९ ग्रॅम. ऑस्ट्रेलियन टेबलस्पून २० मिलीचा असतो. पोहे खायच्या चमच्याने मोजत असाल तर बेदाण्यांचा ढीग किती करता त्यावर आहे सगळं, पुढे जाऊ.

पावसाळ्यात बेदाण्यांचा गोळा होतो, तेव्हा कप कसा भरायचा?

ठाण्याच्या पावसाळ्यात डबा उघडा राहिला की दोन दिवसांत बेदाणे एकमेकांना घट्ट धरून बसतात. तसाच गोळा कपात कोंबला तर माप चुकतं, कधी मधे पोकळी राहते कधी जास्तच दाबले जातात. हाताला चिमूटभर पीठ लावून सुटे करा, रेसिपीतलंच पीठ घ्या. बदाम काजू पावसाळ्यात मऊ पडले तर कढईत मंद आचेवर परतून गार करून मग मोजा, ओलावा जातो आणि पूडही मोकळी होते. बाकी सगळं फ्रीजमध्ये, हवाबंद.

काटा कुठला घेऊ आणि तो बरोबर दाखवतोय हे कसं कळणार?

घरगुती वापराला १ ग्रॅमने वाढणारा, ५ किलोपर्यंतचा डिजिटल काटा पुरतो. त्यावर भांड्याचं वजन शून्य करायचं बटण हवंच.

तपासायला घरातलीच वस्तू घ्या. तेलाच्या १ लिटरच्या पिशवीवर ग्रॅमही छापलेले असतात, बहुतेक ९१० च्या आसपास, पिशवीचे थोडे वर. अर्धा लिटर दुधाची पिशवी ५१५ ग्रॅमच्या थोडी पुढे दाखवेल, कारण दूध पाण्यापेक्षा जड असतं. काटा ४८० दाखवत असेल तर आधी सेल बदला, ओटा सपाट आहे का बघा, भांडं काट्याच्या बाहेर कुठे टेकत नाही ना बघा, आणि मगच काट्याला नावं ठेवा.

अजून एक खोड या काट्यांना असते. चिमूट चिमूट खसखस टाकत गेलात तर काटा हलतच नाही, तेवढा बदल तो गिळून टाकतो. अशा वेळी उलटं करायचं, खसखशीचा डबाच काट्यावर ठेवायचा, शून्य करायचं, आणि त्यातून चमच्याने काढायची, किती काढली ते उणे दिसतं.

वाशीच्या मार्केटमधून किलोने आणलं तर परवडतं का?

एपीएमसीच्या, म्हणजे बाजार समितीच्या, मसाला मार्केटला जायचं असेल तर ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने तुर्भे नाहीतर वाशी आणि पुढे रिक्षा. घरापुरतं अर्धा किलो हवं असेल तर जांभळी नाका बरा, भाड्यात आणि दिवसात वाचलेले पैसे जातात. पाच सहा घरं मिळून आणणार असाल, किंवा माझ्यासारखी ऑर्डर असेल, तर वाशी.

निघायच्या आधी यादी कपातून ग्रॅममध्ये करून घ्या, आणि मग वरच्या पावमध्ये न्या. १८० ग्रॅम काजू हवे तर पाव किलो सांगा, १८० ग्रॅम सांगितलं तर गर्दीत दुकानदार एकदा वर बघतो फक्त. बेदाणे घेताना तासगाव सांगलीकडचे हिरवट पिवळे मागा आणि मूठ दाबून बघा, सोडल्यावर सुटे झाले तर चांगले कोरडे आहेत. चिकटून राहिले तर पाण्याला पैसे देताय असं समजा.

केशर पण कपाने ग्रॅमने मोजायचं का?

स्वयंपाकघरातल्या काट्यावर केशर ठेवलंत तर शून्यच दिसणार, त्याला सोनाराकडे असतो तसला काटा लागतो. काड्या मोजा.